आल्प्समधल्या वाटा आणि सोबतीला कुत्रा : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "वेंगेनला कुत्रा नेता येतो का गं?" आणि उत्तर देता देता गळा दाटून आला. मोती जाऊन बराच काळ लोटला, पण त्या वाटा अजून त्याच्याच आहेत.

आम्ही तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राहायचो. मोती तिथल्याच प्राणी-निवाऱ्यातून आणलेला. अर्धा लॅब्राडोर, उरलेला अर्धा कोण ते त्यालाच ठाऊक. वेंगेन गावात मोटारी नाहीत. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांवरची गाडी वर चढते. स्टेशनातून बाहेर पडलं की मोती स्वतःच क्लाइन शायडेग खिंडीच्या वाटेला वळायचा. गाव १२७४ मीटरवर, शायडेग २०६१ वर, म्हणजे चढ चांगलाच आहे. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते, आणि ती न थांबता चालणाऱ्याची. कुत्र्याला प्रत्येक खांब हुंगायचा असतो, तेव्हा त्यात निदान तासभर वाढवा.

वाटेत कुरणाच्या कडेला लाकडी ओंडका कोरून केलेल्या डोण्या असतात, गुरांना पाणी प्यायला. मोती पुढचे दोन्ही पाय काठावर टेकायचा आणि डोणीतलं पाणी सोडून नळीतून पडणारी धार चावत बसायचा. नाकात पाणी, शिंका, परत धार. वेंगर्नआल्पला युंगफ्राउचं शिखर अगदी समोर येतं. उन्हं तापली की पलीकडच्या हिमनदीतून बर्फाचे कडे सुटतात आणि आवाज थोड्या वेळाने पोचतो. तो गडगडाट ऐकला की मोती माझ्या पोटरीला अंग घासून उभा राहायचा. मार्मोटची, म्हणजे डोंगरातल्या जाड्या खारीसारख्या प्राण्याची, शिट्टी ऐकली की मात्र सगळी भीती पळायची, पट्टा हातातून सुटतो की काय असं व्हायचं.

तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा ना. गाव कुठलंही चालेल.

चकलीभाजणी
मोतीसाठी डोळे पाणावले. कुकर लावलाय, नंतर येते सविस्तर.

उनाडटप्पू
ग्रिंडेलवाल्डवरून. वर फर्स्ट नावाच्या ठिकाणापर्यंत गोंडोला, तिथून बाखआल्पझे हे तळं तासाभरात. वाट रुंद आहे, कुत्र्यांना एकदम सोयीची. पण फर्स्टला कड्याला लटकवलेला लोखंडी जाळीचा मार्ग आहे, तिथे कुत्र्याला ओढू नका. आमची राणी पहिल्याच जाळीवर चारी पाय फाकून आडवी पडली. जाळीतून खालची दरी दिसते आणि नखं अडकतात. नवरा तिच्याजवळ थांबला, मी एकटी जाऊन आले. तळ्यात तिने पोहून घेतलं आणि एका जपानी कुटुंबाच्या सगळ्या फोटोंत ओली राणी आहे.

इसारकाठ
गाईंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून हे लिहितोय. म्युनिकला राहतो, आमची धाव ऑस्ट्रियातल्या टिरोलकडे. आल्प्समध्ये कुत्रा घेऊन चालताना सगळ्यात जपायचं ते वासरं असलेल्या गाईंना. गाईच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगाच. एरवी रवंथ करत बसलेली गाय कुत्रा दिसला की उठते, मान खाली घालते, फुरफुरते. एवढं दिसलं की पुढे जायचं नाही.

श्टुबाईच्या बाजूला, पिन्निस दरीत, २०१४ साली कुत्र्यासोबत चाललेल्या एका जर्मन बाईंचा गाईंच्या हल्ल्यात मृत्यू झाला. कुत्र्याचा पट्टा त्यांनी कमरेला अडकवलेला होता. खटला ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये शेतकरी आणि पर्यटक दोघांवर निम्मा-निम्मा दोष आला. तेव्हापासून आमच्या गटात पट्टा कमरेला कुणीही बांधत नाही. हातात धरायचा, आणि गाय धावून आलीच तर सोडून द्यायचा. कुत्रा पळतो, गाय त्याच्या मागे जाते, माणूस वाचतो आणि बहुतेक वेळा कुत्राही.

आमच्या शेरूच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. चार-पाच गाई उतारावरून धावत आल्या, बायकोने पट्टा सोडला. शेरू कुंपणाखालून पार, आम्ही दगडामागे. पलीकडे जाऊन बघतो तर साहेब शेपटी हलवत बसलेले. बायकोचे हात त्यानंतर कितीतरी वेळ थरथरत होते.

रानजाई
इसारकाठ दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कुरणाला वळसा घालता येत असेल तर घालावा, मग अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

केशरीपिवळा
माझ्याकडे कुत्रा नाही, पण प्रश्न आहे. रेल्वेत त्याचं तिकीट लागतं का? मेव्हणे पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा बीगल घेऊन येतायत.

उनाडटप्पू
लागतं. स्वित्झर्लंडमध्ये खांद्यापर्यंत ३० सेंमीहून लहान कुत्रा पिशवीत बसवला तर फुकट. मोठ्याला दुसऱ्या वर्गाचं अर्धं तिकीट. दिवसभर फिरायचं असेल तर कुत्र्यांचा डे-पास मिळतो. रोपवे वगैरेंचे नियम वेगवेगळे, खिडकीवर विचारा. बीगल ३० त बसणं कठीण दिसतंय.

केशरीपिवळा
बसला तरी पिशवीत राहणार नाही, मी ओळखून आहे त्याला.

पर्वतीपायथा
आमची भुरी पुण्याची. गल्लीतली, कान उभे, शेपटीचा आकडा. नवऱ्याची बदली झुरिकला झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या "इथेच ठेवा", पण जीव होईना. रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचा आकडा ०.५ च्या वर यायला हवा, आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं. त्या काळात रोज कॅलेंडर बघायचे.

म्युरेनला तिने पहिल्यांदा बर्फ पाहिला. जूनमध्ये सावलीत उरलेला, मळका, जुना बर्फ. आधी भुंकली, मग एक पाय ठेवला, काढला, परत ठेवला. आणि मग पाठीवर पडून अशी लोळली की आजूबाजूचे म्हातारे-कोतारे टाळ्या वाजवायला लागले. एका आजींनी विचारलं, ही कुठल्या जातीची? नवरा छाती फुगवून म्हणाला, "पुणे!"

जूनमध्ये जाणार असाल तर बर्फाच्या पट्ट्यांवर कुत्र्याचे तळवे तपासत राहा. कडक बर्फाच्या कडा कापतात. आम्ही तळव्यांना व्हॅसलीन लावतो.

कातळशिल्प
भुरीला खास सलाम.
मी आल्प्स पाहिले नाहीत, पण हरिश्चंद्रगडावर पाचनईतून एक कुत्रा आमच्याबरोबर आपणहून वर आला होता. रात्रभर गुहेच्या तोंडाशी बसून राहिला आणि सकाळी आम्हाला खाली सोडून गेला. नाव विचारलं तर गावातले म्हणाले, त्याला नाव नाही, तो सगळ्यांचाच. विषय वेगळा आहे, पण राहवलं नाही.

चकलीभाजणी
पाचनईचा तो! काळा-पांढरा का? आम्हालाही भेटला असेल बहुतेक.

कातळशिल्प
तपकिरी होता. पण तिथे पुष्कळ आहेत.

जुनेनकाशे
रानजाईताई, तुमच्या वाटांवरून तुमच्याही आधी एक कुत्री चालून गेली आहे. चिंगेल तिचं नाव. ग्रिंडेलवाल्डचा वाटाड्या क्रिस्टियान आल्मर, १८५८ मध्ये आयगर शिखरावर पहिल्यांदा चढलेल्या तिघांपैकी एक, तो तिला १८६५ साली चिंगेल खिंडीतून घेऊन गेला. त्यावरूनच तिचं नाव पडलं. १८६८ मध्ये त्याने ती कूलिज या तरुण गिर्यारोहकाला देऊन टाकली. कूलिज आणि त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट यांच्यासोबत ती शिखरांमागून शिखरं चढली, १८७५ मध्ये माँ ब्लाँसुद्धा. ज्या काळात मावशींना बाई म्हणून लंडनच्या अल्पाइन क्लबात प्रवेश नव्हता, त्या काळात कुत्री मात्र माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचली होती. मला या मावशींबद्दल फार आदर वाटतो.

आणि बर्नला कधी गेलात तर नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात बारी आहे. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाचा कुत्रा, १८१४ मध्ये बर्नमध्येच गेला. पेंढा भरून ठेवलाय.

रानजाई
बारीला पाहिलंय! मोतीला बाहेर नवऱ्याजवळ थांबवून. चिंगेलचं मात्र आजच कळलं. किती सुंदर.

हिरवीपिशवी
कुणाला आवडो न आवडो, पिशवीचं लिहिणारच. वाटेवर हिरवे रोबिडॉगचे डबे असतात, पिशव्या तिथेच मिळतात. शी उचलायची ती केवळ स्वच्छता म्हणून नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात जातो आणि गाभण गाईंचे गर्भपात होतात. त्या गवताचंच पुढे हिवाळ्यासाठी वाळलेलं वैरण होतं. भरलेली पिशवी कुरणात भिरकावणारे तर त्याहून वाईट, प्लास्टिक गाईच्या पोटात जातं. डबा येईपर्यंत हातात धरून चाला.

आणि विजेचं कुंपण! वाटेवरच्या तारेला प्लास्टिकची मूठ असते, ती सोडवून आत जायचं आणि परत अडकवायचं. आधी कुत्र्याला मागे बसवा. ओल्या नाकाला झटका बसला की तो पुढचा अख्खा दिवस फाटकाजवळ जायला तयार होत नाही.

चकलीभाजणी
आले. आमचा टायगर चौदा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. संधिवातामुळे चढ बंद झाले होते, म्हणून मेनलिखेनला रोपवेने वर नेलं आणि तिथून क्लाइन शायडेगपर्यंतची वाट धरली. जवळजवळ सपाट, थोडी उताराचीच. नेहमीचे दीड तास, आम्हाला दुपार लागली. दर बाकावर थांबायचो. लोक स्वतःहून वाटेतून बाजूला व्हायचे, कुणी घाई केली नाही. शायडेगच्या हॉटेलात आम्ही बसायच्या आत वाढणाऱ्या मुलीने टायगरसमोर पाण्याचा वाडगा ठेवला, मग आमची ऑर्डर घेतली. परत येताना गाडीत तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. त्यानंतर तो डोंगरात आला नाही.
म्हाताऱ्या कुत्र्यांना घरी ठेवू नका हो. वाट बदला, पण न्या.

पर्वतीपायथा
चकलीताई 🙏

इसारकाठ
टायगरला नमस्कार. खायला काय न्यायचात? शेरू चढावर कोरडं खाणं तोंडात धरत नाही.

चकलीभाजणी
दहीभात, मीठ न घालता, डब्यात. थोडी उकडलेली कोंबडी.

पर्वतीपायथा
भुरीला ज्वारीची भाकरी लागते. झुरिकला पीठ कुठे मिळतं ते वेगळ्या धाग्यावर लिहिते.

उनाडटप्पू
लिहाच! मी बाजरीचंही शोधतेय.

केशरीपिवळा
मेव्हण्यांना विचारलं. ते म्हणतात स्विस नॅशनल पार्कलाही जायचंय बीगलसोबत.

जुनेनकाशे
झेर्नेट्सचं ना? तिथे कुत्र्यांना मनाई आहे, पट्ट्यावरसुद्धा. १९१४ पासूनचं राखीव रान आहे ते. एंगाडीनमध्ये बाहेरच्या वाटा भरपूर आहेत, त्या घ्या.

केशरीपिवळा
बरं झालं विचारलं. कळवतो त्यांना.