कुर्ल्याला उतरून तिथलंच स्वस्त हॉटेल घ्यावं का?

मुंबईहून क्रूझ पकडायची तर आदल्या रात्री कुठे राहावं, यावर कोणीतरी म्हटलंय की भुसावळकडच्या बऱ्याच गाड्या कुर्ला टर्मिनसलाच संपतात, मग तिथलंच स्वस्त हॉटेल घ्या आणि सकाळी रिक्षाने बंदर गाठा. खोली स्वस्त मिळते हे खरं, पण रिक्षाचं विसरा. सायन-माहीमच्या पुढे रिक्षाला परवानगीच नाही. क्रूझ सुटते ती बॅलार्ड पिअरहून, म्हणजे पार दक्षिण टोकाला. आम्ही पाचोऱ्याहून सहा जण गेलो तेव्हा हेच केलं होतं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच माणसं बसतात, त्यामुळे दोन टॅक्स्या, त्यात सकाळची गर्दी. खोलीत वाचवलेले पैसे तिथेच गेले.

दुसऱ्या खेपेला सीएसएमटीपर्यंत जाणारी गाडी धरली. तिथून बंदर दीड-दोन किलोमीटरवर, टॅक्सीला मीटर फिरायलाही वेळ मिळत नाही. स्टेशनातच रिटायरिंग रूम, म्हणजे प्रवाशांना राहायच्या रेल्वेच्या खोल्या आहेत, आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून बुक होतात. मात्र तिकीट कन्फर्म किंवा आरएसी लागतं, आणि खोल्या मोजक्याच, म्हणून तिकीट हाती आलं की लगेच बघा. नाहीच मिळाली तर फोर्टात तीन-चार खाटांची फॅमिली रूम मिळते, फक्त लिफ्ट आहे का ते फोनवर विचारून घ्या. आमच्या आईला तीन जिने चढावे लागले, ती अजून ऐकवते.

आणि हो, कळण्याची भाकरी आणि ठेचा खोलीवरच संपवा. आमचा डबा बंदरावर बॅग तपासताना बाहेर काढायला लावला.