मुलाचा घोटा अचानक सुजलाय, सकाळपर्यंत थांबू की आत्ताच नेऊ?

मुलगा ६ वर्षांचा. संध्याकाळी खेळून आला तेव्हा ठीक होता, जेवताना "पाय दुखतोय" सुरू झालं. बघते तर उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला टरटरून सूज. पडलास का विचारलं तर आधी नाही, मग हो, मग परत नाही. (काय साक्षीदार!) ताप नाही, लाली नाही, काही चावल्याची खूणही दिसत नाही. पण पाय टेकवतच नाही, बाथरूमला लंगडी घालत गेला. सासूबाई म्हणताहेत मुरगळलाय, चोळून देते. त्यांना कसंबसं थांबवलंय. आता झोपलाय. तुम्ही अशा वेळी कशावरून ठरवता?

उत्तर १
चोळू नका, शेकूही नका. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं धरा, पाय उशीवर ठेवा. आमच्या मुलीच्या वेळी "मुरगळलंय" म्हणत आम्ही दोन दिवस घालवले, निघालं फ्रॅक्चर. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा (मऊ हाडाचा) थर असतो आणि तो लिगामेंटपेक्षा (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षा) नाजूक. मोठ्यांचं जिथे लिगामेंट ताणतं, तिथे मुलांना या थराला इजा होऊ शकते. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळवळला, तर एक्स-रे हवाच. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली, पाय वाकडा दिसला, वेदनाशामक देऊनही तळमळत राहिला, तर सकाळची वाट बघू नका. आणि घरात अॅस्पिरिन असेल तर ते मुलाला देऊ नका.

उत्तर २
ताप आला तर मात्र गणितच बदलतं. ताप आणि पाय टेकवता न येणं एकत्र आलं की सांध्यात किंवा हाडात जंतुसंसर्ग असू शकतो, तिथे रात्र काढायची नाही. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, रेघेबाहेर सरकली की निघा. तुमच्याकडे एकच पाय सुजलाय. दोन्ही पाय न दुखता सुजले असते आणि डोळ्यांभोवतीही सूज असती, तर मूत्रपिंडाच्या शंकेने आधी लघवी तपासायला सांगितली असती.

धागाकर्ती
थर्मामीटर उशाशी ठेवून जागीच होते. रात्रभर ताप नाही, बोटं गरम. सकाळी नेलं. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तरी दाबल्यावर नेमकं हाडावरच दुखतंय म्हणून डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी घातली. कूर्चेची इजा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही म्हणे. १० दिवसांनी परत बोलावलंय. तोवर याला एका जागी बसवायचं कसं, त्यासाठी वेगळा धागा काढते.