उत्तर: उत्तर: बीडचे पॅड, २७ डिसेंबर कुणी ठरवला?

माधवी:
आपल्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या मिनिट्समध्ये बीडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींना कापडी पॅड वाटायची तारीख २७ डिसेंबर दिसतेय. डिसेंबरात धारूर-वडवणीच्या गावांत असतं कोण? म्हातारी माणसं आणि शेरडं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. ज्या पोरींच्या नावाने आपण पैसे गोळा केले, त्या तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असणार. दसऱ्याआधी वाटा.

शिरीष:
माधवीताई, चार कुटुंबं ख्रिसमसच्या सुट्टीत जातायत, तिकिटं झालीत, शाळेने मैदान दिलंय, बॅनर मंजूर आहे. सगळ्याच पोरी काही फडावर जात नाहीत. महिला समितीने सूचना जरूर कराव्यात, पण प्रकल्प कार्यकारिणीचा आहे.

माधवी:
ज्या शाळेत उरतात त्यांच्यासाठी सरकारने २०१८ साली अस्मिता योजना आणली होती, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. फडावरच्या पोरीला कुठली शाळा?

विद्याकाकू:
बॅनर कशाला रे? आमच्याकडे कावळा शिवला की मागच्या पडवीत गोणपाटावर बसायचं. कापडाच्या घड्या धुऊन परकराखाली लपवून वाळत घालायच्या, पावसाळ्यात तर तशाच ओलसर घ्यायच्या. त्या पोरींना स्टेजवर बोलावून हातात पुडकं देऊन फोटो काढणार का आता?

नंदिनी (डॉक्टर):
काकूंनी सांगितलेलं वाळवणं, हाच कापडी पॅडचा खरा घोळ आहे. पॅड उत्तम असतात, पण थंड पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळले तरच. फडावर उसाच्या पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, समोर दुसरी कोपी, मध्ये टोळीतल्या बाप्यांची ये-जा. न्हाणीघर नाही. पहाटे अंधारात साडीच्या आडोशाला अंघोळ. पोरगी दोरीवर पॅड टाकणार कुठे? मग ओलंच वापरायचं, खाज, पुरळ, अंगावरून पांढरं जाणं. दवाखान्यात जायचं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे टोळी नेणारा मुकादम कापतो. २०१९ मध्ये बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं बरीच आहेत, एका पॅडने सुटणारी नाहीत. पण पॅडबरोबर साबण, झाकणाची छोटी बादली आणि वरून टाकायला पातळ छापील कापड द्या. त्या कापडाखाली उन्हात वाळेल आणि कुणाला दिसणारही नाही.

समीर:
एवढं करण्यापेक्षा पाळीचा सिलिकॉन कप द्या ना. दहा वर्षं टिकतो, वाळवायची भानगड नाही.

नंदिनी:
आणि उकळायचा कशात? तीन दगडांची चूल आणि दोन पातेली, त्यातल्या एकात कालवण. तेरा वर्षांच्या पोरीच्या आईला आधी पटवा. मोठ्या बायकांना जरूर विचारू.

समीर:
विचारा. पैशांचं सोपं आहे, माझा मेहुणा अंबाजोगाईला आहे. त्याच्या खात्यावर टाका, तो संस्थेला देईल.

रवी (खजिनदार):
अजिबात नको. मंडळ इथे परदेशात नोंदलेलं, म्हणजे मंडळाचा चेक तिथे परदेशी देणगी. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं हवं. २०२० पासून एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीला पुढे देता येत नाही. आपल्या ओळखीच्या संस्थेकडे नोंदणी नाही. मेहुण्याला गोत्यात आणाल. मात्र ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट दिलं तर ते परदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले लोक, परदेशीच.

शिरीष:
म्हणजे अर्धी कार्यकारिणी बाद.

माधवी:
माझा पासपोर्ट भारतीयच आहे. सप्टेंबरात मी तशीही माहेरी चाललेय. इथून बॅगा भरून काही न्यायचं नाही, तिथल्याच बचतगटाकडून शिवून घेऊ. मुकादमांच्या बायकांना आधी भेटते. टोळी कधी आणि कुठल्या कारखान्याला निघणार, ते शाळेआधी त्यांना कळतं.

शिरीष:
आणि बॅनर? ऑर्डर गेलीय.

विद्याकाकू:
फ्लेक्स आहे ना? कोपीवर टाकायला द्या, अवकाळी पावसात कामी येईल. आणि गणपतीपासून माझा मोठा कुकर कुणाकडे राहिलाय?

रवी:
भारतीय पासपोर्टवाल्यांनी मला वेगळी मेल करा, लिस्टवर नको. कुकर सभागृहाच्या कपाटात आहे, शिट्टी सापडत नाही.