नागरिकत्व का घेतलंत, आणि पहिलं मत कशामुळे दिलंत? (अनुभव धागा)

ठाणे-नवी मुंबईत निम्म्या सोसायट्यांत कोणाची ना कोणाची मुलं बाहेर आहेत, काही घरांत उलटं, बाहेरून येऊन इथले झालेले. तर लिहा. पक्षांची भांडणं प्लीज नकोत.

नेरुळ : जावई न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर निवांत. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, ती कधीच उलटून गेलेली, पण आपला पासपोर्ट सोडायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा म्हणे. मग जानेवारी 2017 मध्ये ट्रम्पनी सात देशांच्या लोकांना बंदी घातली, त्यात सुरुवातीला ग्रीन कार्डवाल्यांनाही एअरपोर्टवर अडवलं, आपला देश त्या यादीत नव्हता तरी गडी हलला आणि लगेच एन-400, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरायला बसला. तेव्हाची परीक्षा सोपी होती, शंभर प्रश्न आधीच माहीत, त्यातले 10 विचारणार आणि 6 आले की पास. आमची ही रोज व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारायची, सिनेटर किती, तर शंभर! स्वतःच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण ते मात्र हिला सांगता येत नाही. जावयांनी पहिलं मत 2018 च्या मिडटर्मला (अध्यक्षाच्या टर्मच्या मध्यावरची संसदेची निवडणूक) दिलं, तेव्हापासून एकही इलेक्शन सोडलेलं नाही.

ऐरोली : भाऊ मेलबर्नला. तिथे प्रेरणा वगैरे काही लागत नाही, मत दिलं नाही तर 20 डॉलर दंड. विषय संपला.

कोपरी, ठाणे पूर्व : माहेर मराठी, सासर सिंधी. आमच्या एक नणंदबाई सिंधमधून लग्न होऊन इकडे आल्या, कित्येक वर्षं लाँग टर्म व्हिसावर, दरवेळी मुदत वाढवायची, कलेक्टर ऑफिसच्या चकरा, सिमकार्ड घ्यायलासुद्धा कटकट. त्यांचं काम सीएएच्या (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या) आधीच, जुन्या नियमांनी झालं. लोकांना वाटतं देशप्रेमाने रडल्या असतील, तसं काही नाही हो, त्यांचं म्हणणं एकच, मत नसलेल्या माणसाच्या नळाला पाणी येतं की नाही हे कोण विचारणार? मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म 6 त्यांनी स्वतः भरला. 20 मे 2024 ला लोकसभेला आम्ही सगळे डुलत डुलत दुपारी गेलो, तर बाई सकाळी सातलाच रांगेत.

वाशी : लंडनला स्टुडंट व्हिसावर होतो, नागरिकत्व नाही काही नाही, तरी ब्रेक्झिटला (ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं का, या सार्वमताला) मत दिलं! आपल्यासारख्या कॉमनवेल्थ देशांच्या लोकांना चालतं. वर्गातली जर्मन मुलगी तिथे दहा वर्षं राहून बघत बसली, खरं तर निकाल तिलाच भोवणार होता.

घोडबंदर रोड : माझं उलट. अमेरिकन पासपोर्ट घेऊन परत आलो, आता ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड). प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्या ट्रॅफिकमध्ये रोज सडतो, पण मत शून्य. ऑक्टोबर 2024 मध्ये इथे बसून तिकडचं बॅलट पाठवलं आणि नोव्हेंबरात विधानसभेला बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या बोटाला शाई बघितली, डोकंच फिरलं. गायमुखचा रस्ता काय वॉशिंग्टनहून दुरुस्त होणारे? ओसीआयला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने इथे राहिलं असेल तर कलम 5(1)(जी) खाली परत भारतीय होता येतं, मात्र तिकडचं सोडावं लागतं. मुलगी तिकडे शिकतेय म्हणून बायको तयार नाही, माझं जवळपास ठरलंय. ठाण्यातून कोणी हा अर्ज केलाय का? किती महिने लागले?