मूडल: एकाच सहाय्यकाला सगळ्या गटांचे गुण दिसताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे मूडल ४.१ (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) आहे. एका कोर्सला १२० विद्यार्थी, चार गट, आणि गटागणिक असाइनमेंट तपासायला एकेक सहाय्यक. चौघांनाही 'नॉन-एडिटिंग टीचर' (गुण देता येतात, कोर्स बदलता येत नाही) हा रोल दिलाय. ग्रुप मोड 'सेपरेट ग्रुप्स' असून तो फोर्सही केलाय, म्हणजे कोर्समधल्या सगळ्या ॲक्टिव्हिटींना तोच लागू. ज्याने त्याने आपापला गट बघावा, एवढीच अपेक्षा.

तिघांचं नीट चाललंय. चौथ्याने ग्रेडर रिपोर्ट (गुणांचा तक्ता) उघडला की वरच्या ड्रॉपडाउनमध्ये 'ऑल पार्टिसिपंट्स' येतं आणि सगळेच्या सगळे गुण समोर. त्यानेच प्रामाणिकपणे स्क्रीनशॉट पाठवला, म्हणून कळलं तरी. पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की तुमचे गुण तुमचा तपासनीस आणि मी सोडून कोणी बघणार नाही. तो शब्द मोडला गेलाय, याची टोचणी लागून राहिलीय.

कोर्सच्या परमिशन्समध्ये जाऊन नॉन-एडिटिंग टीचरसाठी 'ॲक्सेस ऑल ग्रुप्स' (सगळे गट बघायची परवानगी) प्रिव्हेंट केलं, म्हणजे नाकारलं. काही फरक नाही. मग 'स्विच रोल टू' वापरून स्वतः नॉन-एडिटिंग टीचर होऊन पाहिलं, तर मला कोणाचेच गुण दिसेनात. मी कुठल्याच गटात नाही, म्हणजे ते बरोबरच आहे. मग त्यालाच कसे दिसतात?

आता सरळ 'प्रोहिबिट' (दुसऱ्या रोलनेही न उठणारी बंदी) करू का? परवा पुढची असाइनमेंट जमा व्हायचीय.

प्रतिसाद १

प्रोहिबिट करायची घाई नको. आधी एक सांगा, त्या स्क्रीनशॉटमध्ये वर उजव्या कोपऱ्यात 'एडिट मोड'चं बटण आहे का? नॉन-एडिटिंग टीचरला ते दिसत नाही. दिसत असेल तर त्याच्याकडे आणखी एक रोल आहे, आणि बहुधा तो कॅटेगरीवरून (कोर्स ज्या विभागात ठेवलाय त्यावरून) खाली आलाय. कॅटेगरीत दिलेला रोल तिच्यातल्या प्रत्येक कोर्सला लागू होतो.

तुमचं प्रिव्हेंट का चाललं नाही तेही यातच आहे. दोन रोल असले की मूडल दोघांचा वेगवेगळा हिशेब करतं. एकाने जरी 'ॲलाउ' म्हटलं तरी दार उघडतं, दुसऱ्या रोलमधलं प्रिव्हेंट त्याला अडवू शकत नाही. प्रोहिबिट अडवेल, पण मग गुण झाकले जातील आणि एडिटिंगचा अधिकार तसाच राहील. 'स्विच रोल'नेही चकवलं, कारण त्यात तुम्ही रोल तपासता, तो माणूस नाही.

पार्टिसिपंट्स पानाच्या ड्रॉपडाउनमधून परमिशन्स, तिथून 'चेक परमिशन्स'. त्याचं नाव निवडा, कुठला रोल कुठून आलाय ते दिसेल.

धागाकर्ता

बटण होतं! मी शंभरदा तो स्क्रीनशॉट बघितला, पण नजर आकड्यांवरच. 'चेक परमिशन्स'मध्ये कॅटेगरीवरचा 'टीचर' रोल सापडला. मागच्या सत्रात तो एकाच्या बदली शिकवत होता, तेव्हा मीच दिला होता आणि काढायचा राहिला. आता काढलाय. प्रिव्हेंटही मागे घेतलं, त्याची गरजच नव्हती. ॲडमिनकडून 'लॉग इन ॲज' (त्याच्या नावाने लॉग इन) करवून पाहिलं: फक्त त्याचा गट, एडिट मोड गायब.

लॉग्जमध्ये त्याने ग्रेडर रिपोर्ट उघडल्याच्या दोनच नोंदी आहेत, दोन्ही स्क्रीनशॉट पाठवला त्याच दिवशीच्या. झालेलं उद्या विद्यार्थ्यांना मी स्वतः सांगणार आहे. मनापासून आभार.