मदत हवी आहे: गावात राहून लिहिणारे दिवस कसा सांभाळतात?

नमस्कार मंडळी. कादंबरी पूर्ण करायची म्हणून नोकरी सोडून गावी आलो, त्याला दोन वर्षं होतील. कादंबरी सातव्या प्रकरणात अडकली आहे, आणि खरं सांगायचं तर मीही.

शांतता भरपूर आहे, तक्रार तिची नाही. पहाटे पाचला बसतो. एखादा परिच्छेद जमतो न जमतो तोच गोठ्यातून हंबरणं सुरू होतं, मग पाण्याची मोटर, मग दारात कुणीतरी उभं. ‘घरीच तर असतोस!’ हे ऐकून ऐकून पाठ झालंय. त्यांचंही चुकत नाही म्हणा. खुर्चीत बसून भिंतीकडे बघणारा माणूस काम करतोय हे कुणाला पटणार?

वीज गेली आणि सेव्ह न केलेली चार पानं गेली, तेव्हापासून वहीत लिहितो. तर पावसाळ्यात कागद ओल धरतो, शाई फुटते. जुनी वही उघडली तर बांधणीच्या खळीवर कसर! सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, पण त्या ओल पिऊन भरल्या की तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात, आणि ते नेमकं राहून जातं.

वह्या टिकवायचा याहून सोपा उपाय आहे का? लिहायची वेळ घरच्यांना, शेजाऱ्यांना न दुखावता कशी सांगता? आणि कच्चा खर्डा वाचून तोंडावर खरं बोलणारं माणूस जवळ नसेल तर काय करता? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.