विमान बदलताना छोटं शहर मिळालं तर? तुमचे अनुभव लिहा

दुबई, सिंगापूरचे थांबे आता सगळ्यांना तोंडपाठ झालेत. मला वेगळं ऐकायचंय. मधला थांबा एखाद्या लहान शहरात आहे, हाताशी सहा-आठ तास आहेत, तर तुम्ही बाहेर पडता का? पडलात तर काय केलंत? प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. सुरुवात मीच करते.

लक्झेंबर्गला सकाळी उतरलो, पुढचं विमान संध्याकाळी. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणारा) होता, बॅगा थेट शेवटच्या मुक्कामाला जाणार होत्या, म्हणजे हात मोकळे. या देशात २०२० पासून बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट आहे (रेल्वेचा पहिला वर्ग सोडून), आणि मार्च २०२५ पासून ट्राम विमानतळापर्यंत येते. नवरा प्रत्येक वेळी चढताना सवयीने पाकीट काढायचा आणि परत ठेवायचा. आम्ही ट्रामने शहराच्या मध्यापर्यंत गेलोच नाही. आधीच, लाल पुलापाशी उतरून फ्युनिक्युलरने (उतारावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रुळांवरच्या डब्याने) खाली फाफेनथालच्या दरीत गेलो, तिथून चालत काचेच्या लिफ्टपाशी. ही लिफ्ट ७१ मीटर वर, थेट जुन्या शहरात नेऊन सोडते. तिलाही तिकीट नाही. इथला किल्ला १८६७च्या लंडन तहानंतर पाडून टाकला, पण उरलेल्या तटावरून खालची आल्झेट नदी आणि तिच्या काठची घरं बघत रमतगमत चालणं एवढाच आमचा कार्यक्रम होता. एकही संग्रहालय केलं नाही. त्याची चुटपुटही लागली नाही.

*

माझं मत: छोट्या शहरात एकच गोष्ट ठरवून जावं, आणि ती विमानतळाच्या जवळची असावी.

बाहरीनचं उदाहरण देतो. तिथला विमानतळ राजधानी मनामात नसून शेजारच्या मुहर्रक बेटावर आहे. बहुतेक लोक टॅक्सी करून मनामाला पळतात. आम्ही ई-व्हिसा आधीच काढून ठेवला होता. बाहेर आलो आणि मुहर्रकमध्येच राहिलो. जुन्या वस्तीतून साडेतीन किलोमीटरची ‘मोत्यांची वाट’ जाते. पाणबुडे, नाखवे, व्यापारी यांची घरं, वखारी आणि टोकाला समुद्रकाठचा बू माहिर किल्ला. २०१२ साली हे सगळं युनेस्कोच्या यादीत आलं. शेकडो वर्षं हे बेट मोत्यांवर जगलं; मग जपानचे कल्चर्ड (माणसाने शिंपल्यांत वाढवलेले) मोती बाजारात आले, १९२९नंतरची जागतिक मंदी आली आणि दोन-तीन दशकांत धंदा बसला. वाटेवर खांबांवर पांढऱ्या गोळ्यांचे दिवे आहेत, ते बघत चाललं की नकाशा लागत नाही. आम्ही जानेवारीत गेलो होतो. जून-जुलैत ही पायपीट करायला मी कुणाला सांगणार नाही.

*

मी थोडं विरोधात लिहितो. आठ तासांचा थांबा म्हणजे हातात आठ तास नसतात. उतरणं आणि इमिग्रेशन यात एक तास गेला. पुढच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी दोन-अडीच तास आधी परत. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. उरले जेमतेम साडेतीन-चार. सहा तासांपेक्षा कमी थांबा असेल तर मी खुर्ची पकडून झोपतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

दुसरं, दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर बॅगा आपल्याच गळ्यात. लहान विमानतळांवर चेक-इन काउंटर दिवसभर उघडे नसतात, विमानाच्या दोन-तीन तास आधीच उघडतात. सामान ठेवायची खोली असेलच असं नाही. चाकांची बॅग घेऊन दगडी गल्ल्यांत फिरायची हौस असेल तर जा बापडे!

*

वरच्या मुद्द्यात भर: शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर थांब्यात बाहेर पडताना ती एंट्री वापरली जाते. परतीच्या वाटेवर पुन्हा शेंगेनमध्ये शिरायचं असेल तर आधी हिशोब करा. आणि अमेरिकेत तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही, पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करावं लागतं.

*

फिजी, नांदी. सोबत आई, वय सत्तरच्या पुढे, त्यामुळे धावाधाव बाद. भारतीयांना तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, ही मोठी सोय. विमानतळावरून टॅक्सीने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे द्राविडी शैलीतलं श्री शिवसुब्रह्मण्य मंदिर आहे, रंगांनी भरलेलं. प्रशांत महासागराच्या मध्यावर ते गोपुर समोर आलं तेव्हा आईने टॅक्सीतूनच हात जोडले. पुजाऱ्यांशी तिने हिंदीत गप्पा सुरू केल्या आणि मग आम्ही दुसरीकडे कुठे गेलोच नाही. ज्यांना हिरवळ आवडते त्यांच्यासाठी जवळच ऑर्किडची मोठी बाग आहे. ती अमेरिकी नट रेमंड बर यांनी १९७७मध्ये स्वतःच्या संग्रहासाठी उभी केली होती. टॅक्सीवाल्याला परतीची वेळ सांगून थांबवूनच ठेवा, म्हातारी माणसं सोबत असतील तर नक्कीच.

*

आइसलँड, केफ्लाविक. जून महिना, रात्रीचा थांबा. राजधानी रेक्याविक तिथून पन्नास किलोमीटर, म्हणून त्याचा नाद सोडला आणि विमानतळालगतच्या केफ्लाविक गावातच समुद्रकाठाने फिरलो. रात्री अकराला लख्ख उजेड! डिसेंबरात मात्र दिवसच चार-पाच तासांचा, तेव्हा हा बेत जमायचा नाही.

*

अवांतर: थांब्यांचा विषय निघालाय तर कॅनडातल्या गँडरचं नाव यायलाच हवं. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेचं आकाश बंद झालं आणि ३८ प्रवासी विमानं या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावात उतरवली. विमान कर्मचारी धरून साडेसहा हजारांहून जास्त माणसं! गावकऱ्यांनी शाळा, सभागृहं, घरं उघडून त्यांना काही दिवस सांभाळलं.

*

रात्रीचा थांबा असेल त्यांनी एक बघून ठेवा: छोटे विमानतळ रात्री चक्क बंद होतात. नाव सांगत नाही, पण एका ठिकाणी साडेबाराला पहारेकरी आला आणि नम्रपणे आम्हा सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं. बाहेर बाक होते, छप्पर होतं, थंडीही होती. तेव्हापासून तिकीट काढायच्या आधी विमानतळाच्या संकेतस्थळावर उघडण्याच्या वेळा बघते, आणि पायमोजे हातातल्या बॅगेत ठेवते.